पांढरा पट्टा

पहिल्या "नको"ला खरंच नको समजणाऱ्या माणसानं रत्नागिरी जिल्ह्यात जन्मच घेऊ नये. अहो, आमच्याकडे दारात आलेल्याला चहा विचारला, तर तो आधी म्हणतो, "नको, नको." दुसऱ्यांदा विचारलं तर म्हणतो, "आत्ताच घेऊन निघालो." तिसऱ्यांदा विचारलं की मग, "बरं, अर्धा घाला," आणि कपभर पितो, बशीत सांडलेल्यासकट. ह्यात खोटं काही नाही, रीत आहे. पहिल्या हाकेला हो म्हटलं तर माणूस हावरट ठरतो आणि पहिल्या नकाराला किटली खाली ठेवली तर घर चिकट ठरतं. हे आमच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

आणि नितेशला ठाऊक नव्हतं! मथुराकाकीच्या पोटच्या मुलाला! मालगुंडाजवळच्या वाडीत लहानाचा मोठा झालेला, आवशीला पाहुण्यांपुढे तीन-तीनदा आग्रह करताना बघत वाढलेला. दहा वर्षं कळंबोलीला नोकरी केली म्हणून माणूस एवढं विसरतो? जळ्ळं मेलं ते शहर.

झालं ते असं. दिवाळीच्या सुट्टीत नितेश, त्याची बायको योगिनी आणि नऊ वर्षांची मुलगी तेजस्वी गावी आली होती. रत्नागिरीच्या अलीकडे सड्यावर, जिथं कातळ आणि करडाचं गवत ह्याशिवाय काही नव्हतं, तिथं गेल्या वर्षी 'मौजनगरी' उघडली. "एका तिकिटात सात खेळ! सगळ्या कुटुंबाची धमाल!" असा भला मोठा फलक रस्त्यावर लागला होता. मथुराकाकीनं तो एसटीच्या खिडकीतून इतक्यांदा वाचला होता की तिला तो पाठ झाला होता. सातातले सहा खेळ तिच्या लेखी गेले चुलीत. तिला बसायचं होतं ते सातव्यात, आकाशपाळण्यात. एवढंच. सदुसष्ट वर्षांची झाली होती आणि आयुष्यात एकदाही पाळण्यात बसली नव्हती.

म्हणजे संधी नव्हती असं नाही. लहानपणी देवीच्या जत्रेत लाकडी पाळणा यायचा, चार खोक्यांचा, हातानं फिरवायचा. तिचे तिघे भाऊ बसायचे आणि तिला सांगायचे, "मथुरे, तू खाली थांब, चपला सांभाळ." ती चपला पोटाशी धरून मान वर करून उभी राहायची. भाऊ उतरले की विचारायची, "वरून काय दिसतं रे?" थोरला म्हणायचा, "सगळं." बाकीचे दोघेही तेच म्हणायचे, "सगळं दिसतं." सगळं म्हणजे काय, हे कोणी सांगायचं नाही. पुढं लग्न झालं ते भिकाजीशी. तो बोटीवरचा माणूस, इंजिनरूममध्ये खलाशी. परदेशातल्या बंदरात उतरून कुठल्या कुठल्या मनोऱ्यावर चढून आलेला. "काय दिसतं हो वरून?" "सगळं." मग नितेश शाळेच्या सहलीला गेला, कॉलेजात गेला, विमानात बसला. "काय दिसलं रे?" "सगळं दिसतं गं आई." म्हणजे सगळ्यांनी सगळं बघून घेतलं आणि हिच्या वाट्याला आल्या चपला!

म्हणून ह्या वेळी तिनं मनाशी पक्कं केलं होतं. कोणाला बोलली नाही, पण तयारी आठ दिवस चालली होती. वरती वारा लागतो म्हणून नायलॉनची नको, कॉटनची साडी काढली. पदर उडू नये म्हणून पिना लावल्या, एक नाही, दोन नाही, सहा. पोटात ढवळू नये म्हणून दुपारी बांगड्याचं तिखलं पुढ्यातून सारलं आणि नुसती पेज घेतली. योगिनीनं विचारलं, "आई, बरं नाही का वाटत?" तर म्हणाली, "उपास हाय." बांगड्याचं तिखलं शिजवणाऱ्या घरात तो कसला उपास, हे योगिनीनं विचारलं नाही.

गाडीत बसल्यावर नितेशनं आरशातून मागं बघत विचारलं, "आई, तुझंपण काढू ना सात खेळांचं तिकीट?"

पण रीत ती रीत. ती म्हणाली, "मला कशाला मेला ते?"

आता इथं त्यानं म्हणायला हवं होतं, "असं कसं? तू आल्याशिवाय आम्हाला मजा येणार का?" मग ती म्हणणार होती, "ह्या वयात शोभतं का ते?" मग तो म्हणणार, "कोण बघतंय? काढतोच मी." मग ती म्हणणार, "बरं बाबा, तुझं मन मोडत नाय." सगळं कसं ठरलेलं! तिनं दुसरं वाक्य जिभेच्या टोकावर आणूनही ठेवलं होतं.

नितेश म्हणाला, "बरं."

आणि गाडी वळवली.

मथुराकाकी वाट बघत राहिली. आरेवारे गेलं, समुद्र गेला, सुरूची झाडं गेली. तिला वाटलं, उतरल्यावर विचारेल. तिकिटाच्या खिडकीशी तरी विचारेलच. पोरगं तसं वाईट नाही, डोक्यात दुसरं काही असेल.

खिडकीशी नितेश गेला आणि पट्टे घेऊन आला. मनगटाला चिकटवायचे कागदी पट्टे. निळ्यावर सात चौकोन छापलेले, दर खेळाला एक चौकोन टोचायचा. तेजस्वीला निळा, योगिनीला निळा, स्वतःला निळा. भिकाजीला निळा! बहात्तर वर्षांचा, दोन्ही गुडघे कुरकुरणारा, डोक्याला कलप लावून साठीचा दिसणारा भिकाजी. त्यानं हात पुढं केला होता आणि "नको" म्हणायची तसदीही घेतली नव्हती. पुरुषांना कुठली रीत? रीत सगळी बायकांनी सांभाळायची.

आणि मथुराकाकीच्या मनगटाला आला पांढरा. त्यावर एकही चौकोन नाही. नुसतं छापलेलं: "दर्शक. खेळांवर प्रवेश नाही."

"हे काय रे?" ती म्हणाली.

"तुझा पास. आत यायला लागतो ना," नितेश म्हणाला. "तुला बाकड्यावर बसून निवांत बघता येईल."

निवांत! तिला वाटलं, हा पट्टा फाडून ह्याच्या तोंडावर फेकावा. पण दिवाळीचे दिवस, नात समोर, सून समोर. मिठाची गुळणी धरली आणि चालायला लागली.

पुढचा दीड तास काय झाला, ते ऐकूनच घ्या. पहिला खेळ मोठ्या होडीचा, ह्या टोकाकडून त्या टोकाकडे झुलणारी. दारावर सूचना होती: चपला, पिशव्या, चष्मे, फोन खाली ठेवा. ठेवायला फळीबिळी काही नाही. म्हणजे ज्याच्या सोबत खाली थांबणारं कोणी नाही, त्यानं काय करावं? पण मौजनगरीवाल्यांना काळजी नव्हती. त्यांना ठाऊक होतं, दर घरामागे एक म्हातारी असते. "आई, हे धरा हं जरा," म्हणून योगिनीनं पर्स दिली. नितेशनं फोन, गॉगल आणि गाडीची चावी दिली. तेजस्वीनं पाण्याची बाटली दिली. भिकाजीनं टोपी दिली आणि वर सांगितलं, "चुरगाळू नको गो." चार जोड चपला पायाशी. मथुराकाकी उभी. होडी झुलली, लोक किंचाळले, होडी थांबली. सगळे हसत खाली आले, आपापल्या वस्तू घेतल्या आणि दुसऱ्या खेळाशी गेल्यावर पुन्हा तिच्या हातात दिल्या.

धक्क्याच्या गाड्या. धर. फिरत्या कपबश्या. धर. पाण्याच्या घसरगुंडीवर तर ओले टॉवेलपण धर. तिनं आजूबाजूला बघितलं, तर दर खेळाच्या कठड्याशी तिच्यासारख्याच पाच-सहा जणी उभ्या. सगळ्यांच्या मनगटाला पांढरा पट्टा, सगळ्यांच्या खांद्याला दोन-दोन पिशव्या. त्यातली एक हेदवीची होती, तेवढ्यात ओळख झाली. मथुराकाकीनं तिला विचारलं, "तुम्हाला नाय बसायचं?"

ती म्हणाली, "आपल्याला कोण विचारतो, बाई?"

"मला विचारलं," मथुराकाकी म्हणाली. "एकदा."

हेदवीची बाई कपाळाला हात लावून म्हणाली, "एकदाच?" तिला बरोब्बर कळलं. परक्या बाईला कळलं, पोटच्या पोराला कळलं नाही.

सहा खेळ संपले तेव्हा पाच वाजून गेले होते. सूर्य मिऱ्याच्या डोंगराकडे उतरत होता आणि कातळ अजून दुपारचं ऊन ओकत होता. राहिला शेवटचा, आकाशपाळणा. लांबून दिसत होता त्यापेक्षा जवळून चौपट मोठा. वीसेक डबे, दर डब्यात चौघांची जागा. मथुराकाकी मान वर करून बघत राहिली. सगळ्यात वरचा डबा क्षणभर थांबला, हलला आणि उतरायला लागला. आत कोणीच नव्हतं. त्याच्या मागचाही रिकामा. अर्धा पाळणा रिकामा फिरत होता! नुसती हवा वर नेत होते आणि खाली आणत होते मेले.

"चला, हा शेवटचा," नितेश म्हणाला आणि मोठी पिशवी तिच्याकडे सरकवली. "आई, एवढं धर. मग निघूच."

तिनं हात पुढं केले नाहीत. पिशवी खाली लाल धुळीत पडली. पाण्याची बाटली गडगडत गेली.

"अगं, धर ना!"

"नाय धरत."

"काय झालं?"

"मला बसायचंय."

चौघं तिच्याकडे बघत राहिली. जणू तिनं, मला बोटीवर नोकरी करायचीय, असं सांगितलं होतं.

"पाळण्यात?" भिकाजी म्हणाला.

"नाय, सरणावर! पाळण्यातच! कशात बसतात इथं?"

"पण आई," नितेश म्हणाला, "मी तुला गाडीत विचारलं होतं. तू नको म्हणालीस."

"एकदा म्हटलं!" ती ओरडली. रांगेतली माणसं वळून बघायला लागली, बघूदेत. "एकदा म्हटलं, नितेश! तुझ्या सासरचा माणूस आला तर त्याला तू जेवायला एकदा विचारतोस? त्या विमावाल्याला परवा चारदा आग्रह केलास, लाडू खा, लाडू खा! परक्याला चारदा नि आवशीला एकदा? आन त्या एकाला 'बरं'? 'बरं' म्हणून गाडी वळवलीस?"

नितेशच्या डोळ्यांपुढे बहुधा तो विमावाला आणि ते लाडू आले असावेत.

भिकाजी मध्ये पडला. "अगो, पण बसायचं होतं तर तोंडानं सांगायचं. ताकाला जाऊन भांडं लपवायचं कशाला?"

"तुम्ही गप्प बसा!" ती म्हणाली. पंचेचाळीस वर्षांत नवऱ्याला चारचौघांत असं पहिल्यांदाच म्हणाली. "भांडं लपवलं म्हणे. हे भांडं लग्नापासून तुमच्यासमोर पालथं पडलंय. कधी उलटून बघितलंत?"

योगिनी सासूच्या खांद्याकडे बघत होती. पदरावर एका ओळीत लावलेल्या पिना तिला आत्ता दिसल्या. तिनं बोटानं मोजल्या. "सहा पिना," ती हळूच म्हणाली. "आई, तुम्ही घरातून तयारी करून आलात. म्हणून दुपारी जेवला नाहीत?"

मथुराकाकीचे डोळे भरून आले. राग एवढा होता की रडूपण रागानंच आलं.

"थांब आई, आत्ता आणतो तिकीट," म्हणून नितेश धावत सुटला. बिचारा खरंच धावला. पाच मिनिटांनी आला तो घामाघूम, तोंड पडलेलं. एकत्र तिकिटाची खिडकी पाच वाजता बंद होते. एका खेळाचं सुटं तिकीट मिळतच नाही. "उद्या येऊ आपण, आई. नक्की."

उद्या! उद्या दुपारी हे लोक कळंबोलीला जायला निघणार होते, बॅगा अर्ध्या भरून झाल्या होत्या.

मथुराकाकीनं पदर खोचला आणि सरळ रांगेच्या पुढं जाऊन पाळण्याच्या फाटकाशी उभी राहिली. तिथं एक चाळिशीचा माणूस होता, खाकी टोपी, गळ्यात शिट्टी, हातात पट्टे टोचायचं यंत्र. छातीवर नाव होतं: बाबल्या.

"मला बसव," ती म्हणाली.

त्यानं तिच्या मनगटाकडे बघितलं. "माताजी, सफेद पट्टी नहीं चलेगा. पीछे हटो."

"डबे रिकामे जातायत ते दिसतायत ना?"

"रूल है, माताजी."

योगिनी पुढं आली. "माझा निळा पट्टा आहे. माझ्याऐवजी ह्यांना बसवा. मी खाली थांबते."

"जिसके हाथ में पट्टी, वोही बैठेगा."

"मग काढून देते."

"निकालेगा तो फटेगा. फटा तो बाद."

हे बघा नियम! रिकामी हवा वर नेलेली चालते, पण बाई नेलेली चालत नाही. फलकावर लिहायचं "सगळ्या कुटुंबाची धमाल" आणि कुटुंबातल्या एकीला पांढरा पट्टा बांधून चपलांची राखण करायला लावायची! मथुराकाकीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शिव्या देऊन उपयोग नव्हता. ह्या माणसाला शिव्या रोजच्याच असणार. रडूनही उपयोग नव्हता. मग तिला सुचलं ते आमच्याकडे कुणालाही अडल्यावर सुचतं तेच. फक्त तिनं करायचं नव्हतं इतकंच.

गाऱ्हाणं घालायचं ते पुरुषानं. गणपती घरात आणताना, होळी उभी करताना, नवी होडी पाण्यात लोटताना घरातला, गावातला मोठा पुरुष हात जोडून देवाला मोठ्यानं सांगणं सांगतो आणि बाकीच्यांनी दर वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचं. त्यांच्या घरी भिकाजी घालायचा, तो बोटीवर असला की दीर. मथुराकाकी जन्मभर मागच्या घोळक्यात उभी राहून "व्हय म्हाराजा" म्हणत आली होती. पण कान काय बंद होते तिचे?

तिनं डोक्यावर पदर घेतला, पाळण्याकडे तोंड करून हात जोडले आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा! बारा गावांच्या, बारा वाड्यांच्या धन्या म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मागून पाच-सहा तोंडांतून आपसूक निघालं. ती माणसं स्वतःच दचकली. पण आमच्याकडची तोंडंच तशी, "म्हाराजा" कानावर पडलं की डोक्याला न विचारता उघडतात.

"आज ह्या कातळावर तुझी लेकरं जमलीयत म्हाराजा! कोणी मालगुंडास्नं आलं, कोणी हेदवीस्नं आलं, आन सगळ्यांनी मनगटाला पट्टे बांधून घेतले म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आता सगळी रांग. धक्क्याच्या गाड्यांकडचे लोकही इकडं वळले.

"ही बाई सात वर्षांची असल्यापासून खाली उभी हाय म्हाराजा! भावांच्या चपला धरल्या, घोवाची टोपी धरली, लेकाचं दप्तर धरलं, आन आज नातीची बाटली धरली म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" ह्या वेळी कठड्याशी उभ्या असलेल्या पांढऱ्या पट्ट्यावाल्या बायांचा आवाज सगळ्यात मोठा होता. हेदवीची बाई तर पिशव्या खाली टाकून हात जोडून उभी होती.

"रिकामा डबा वर जातो नि रिकामाच खाली येतो म्हाराजा! त्यात ह्या बाईच्या बुडापुरती जागा नाय, हा कुठला न्याय म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" त्यात भिकाजीचा आवाज होता, सवयीनं टिपेला गेलेला.

"ज्यानं ही वाट अडवलीय त्याच्यावर राग धरू नको म्हाराजा! तो नोकर माणूस. त्याच्या पोराबाळांना सुखी ठेव, त्याच्या चुलीवर भात कमी पडू देऊ नको, आन त्याला चांगली बुद्धी दे. ह्या बाईला एकदा वर ने, आन धड खालीपण आण म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

आणि हे शेवटचं "व्हय म्हाराजा" तिच्या अगदी समोरून आलं. फाटकाच्या आतून, खाकी टोपीखालून.

मथुराकाकीनं जोडलेले हात खाली घेतले. बाबल्यानं तोंडावर हात ठेवला होता, पण शब्द निघून गेला होता.

"कुठला रे तू?" तिनं विचारलं.

तो पायाकडे बघत म्हणाला, "लांज्याचा, काकी."

"लांज्याचा! मग मघापासून माताजी, माताजी कोणाला करतोस मेल्या?"

"वरून सांगितलंय, काकी. हिंदी बोललं की लोक हुज्जत घालत नाहीत."

"आता घातली ना हुज्जत? देवासमोर व्हय म्हणालास. आता नाय म्हणतोस का?"

बाबल्यानं मान वर केली. गाऱ्हाण्याला व्हय म्हणून फिरायचं, हे लांज्यात काय आणि मालगुंडात काय, कोणाच्या बापाला जमलेलं नाही. त्यानं एकदा ऑफिसकडे बघितलं, एकदा आभाळाकडे, आणि टोपी डोळ्यांवर ओढली.

"मी चार चौकोन टोचणार आणि चार माणसं बसवणार," तो म्हणाला. "चारला चार, हिशेब बरोबर. कोणाच्या मनगटाला काय रंग, ते मला दिसत नाही. सूर्य डोळ्यांवर आलाय."

नितेशनं हात पुढं केला, एक. योगिनीचा दोन. तेजस्वीचा तीन. भिकाजीनं हात पुढं केला, चौथा चौकोन टोचला गेला आणि तो सवयीनं फाटकातून आत जायला निघाला.

"आजोबा," बाबल्या म्हणाला, "चार म्हणजे चारच."

"मी? मी खाली?" भिकाजी म्हणाला. त्यानं लेकाकडे बघितलं, सुनेकडे बघितलं, रांगेकडे बघितलं. व्हय म्हाराजा तर तोही म्हणाला होता, आणि सगळ्यांपेक्षा मोठ्यानं. मथुराकाकीनं पायांतल्या चपला काढल्या, त्याच्या हातात दिल्या आणि म्हणाली, "सांभाळा."

डबा हलला. तिनं समोरची दांडी दोन्ही हातांनी घट्ट धरली. तेजस्वी म्हणाली, "आजी, घाबरू नको," आणि तिच्या दंडाला चिकटली. जमीन खाली गेली, रांग खाली गेली, कपबश्या आणि होडी खाली गेली. वारा सुटला, पण पदर जागचा हलला नाही. सहा पिना होत्या. सगळ्यात वर डबा थांबला, खाली कोणीतरी चढत असावं. समोर आख्खा समुद्र होता, भगवतीचा किल्ला, दीपगृह, बंदराकडे परतणारे ट्रॉलर. उत्तरेला किनारा वळत वळत धूसर झालेला, त्यातच कुठंतरी मालगुंड. सुंदर होतं हो, का खोटं बोला? भावांनी खोटं सांगितलं नव्हतं.

मग तिनं खाली बघितलं.

खाली भिकाजी उभा होता. एका खांद्याला मोठी पिशवी, दुसऱ्या खांद्याला ओले टॉवेल, गळ्यात सुनेची पर्स, पोटाशी चार जोड चपला. मान वर करून तो त्यांचा डबा शोधत होता. एवढ्या उंचीवरून त्याची टोपी दिसत होती, काखेत दाबलेली पाण्याची बाटलीही दिसत होती. माणसांच्या गर्दीत तो एकटा लख्ख दिसत होता, कारण तो एकटाच वर बघत होता.

मथुराकाकीनं दांडी सोडली. इतका वेळ वाऱ्यानं गार झालेलं अंग पुन्हा तापलं. म्हणजे खालचं माणूस वरून दिसतं! नीट दिसतं! जत्रेत भाऊ वर असायचे तेव्हा चपला घेऊन उभी असलेली मथुरी त्यांना दिसत होती. सगळ्यांना दिसत होती. आणि खाली येऊन मेले सांगायचे, सगळं दिसतं!

दोन फेऱ्या झाल्या आणि डबा खाली आला. तेजस्वीनं हात धरून तिला उतरवलं. भिकाजी लगबगीनं पुढं आला, चपला तशाच पोटाशी. घामेजला होता. डोळ्यांवर ऊन घेऊन इतका वेळ वर बघितल्यानं त्याचे डोळे लाल झाले होते.

"काय दिसलं गो वरून?" त्यानं विचारलं.

"सगळं" हा शब्द तिच्या जिभेवर आला होता. साठ वर्षांची परतफेड झाली असती. पण तिनं तो गिळला.

"तुम्ही दिसलात," ती म्हणाली.

भिकाजी हसायला गेला आणि थांबला.

"खाली चपला धरून उभं राहिलेलं माणूस दिसतं," ती म्हणाली. "अगदी डोळ्यांत भरतं. मग मीपण दिसत असणार. माझ्या भावांना, तुम्हाला, ह्या नितेशला. वर गेलात तेव्हा दर वेळी. खाली आल्यावर एकानं तरी कधी सांगितलंत, की मथुरे, तू दिसलीस?"

नितेश अनवाणी उभा होता, त्यानं पायाच्या अंगठ्यानं धूळ उकरली. योगिनीनं तेजस्वीच्या खांद्यावर हात ठेवला. फाटकाशी बाबल्या शिट्टी तोंडात धरून थांबला होता, वाजवायचं विसरून.

"आता का तोंडं शिवली?" मथुराकाकी म्हणाली. "मघाशी तर सगळे मोठ्यानं ओरडत होतात. म्हणा की, व्हय म्हाराजा!"

कोणाचंही तोंड उघडलं नाही. भिकाजीनं पिशव्या आणि चपला खाली ठेवल्या, गुडघ्यावर हात टेकून वाकला आणि त्या चार जोडांतून तिच्या चपला शोधायला लागला. त्या नक्की कुठल्या, ते त्याला आठवेना.